बेमुदत तहकूब: चर्चच्या सभेतली एक जुनी युक्ती

रविवारी आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. कोरम नाही म्हणून अर्धा तास तहकूब, मग त्याच खुर्च्यांवर तीच माणसं बसून सभा सुरू. विषय क्रमांक सहा, लिफ्ट. चार मजली जुनी इमारत आहे. चौथ्या मजल्यावरच्या काकू गुडघ्यांमुळे महिन्यातून एकदाच खाली उतरतात, तेही दवाखान्यासाठी. अध्यक्ष म्हणाले, "विषय मोठा आहे, वेळ कमी आहे, पुढच्या सभेत घेऊ." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चहा आला. असं होण्याचं हे तिसरं वर्ष.

इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे असतं. मी "विषय तहकूब" एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. तहकूब म्हणजे कधीपर्यंत? हे कोणी बोललंच नव्हतं. घरी आलो तरी ते डोक्यातून जाईना. मग जुनं वाचलेलं पुन्हा काढून बसलो, कारण "पुढे ढकला" या दोन शब्दांचा इतिहास फार मोठा आहे. त्यातला बराचसा चर्चच्या सभांमध्ये घडलाय, आणि त्यात लिफ्टपेक्षा खूप मोठ्या गोष्टी पुढे ढकलल्या गेल्यात. पोस्ट लांब आहे. चहा घेऊनच बसा.

आधी आपले शब्द पाहू, कारण ते फार नेमके आहेत. महापालिकेच्या बातम्या वाचणाऱ्यांना "तहकूब" आणि "दप्तरी दाखल" यातला फरक सांगावा लागत नाही. तहकूब झालेला विषय निदान कागदावर तरी जिवंत असतो. दप्तरी दाखल झाला म्हणजे मेला, फक्त कोणी "आम्ही मारला" असं म्हणत नाही. विरोधात मत दिलं तर नाव लागतं, दप्तरी दाखल करताना कोणाचंच नाव लागत नाही. अमेरिकेतल्या सभाशास्त्रात हीच भावंडं आहेत, आणि तिथे ती दोन नाहीत, तीन आहेत.

ती तीन सांगण्याआधी ज्या माणसाने ती पुस्तकात नीट लावली त्याच्याबद्दल. हेन्री मार्टिन रॉबर्ट. जन्म १८३७, साउथ कॅरोलायनातलं रॉबर्टव्हिल नावाचं गाव, त्याच्याच घराण्याच्या नावाचं. वडील बॅप्टिस्ट पाळक. गुलामगिरी त्यांना पटेना म्हणून ते कुटुंब घेऊन दक्षिण सोडून ओहायोत गेले. मुलगा वेस्ट पॉइंटला शिकून लष्करात इंजिनिअर झाला. १८५९ साली सॅन वान बेटावर एका अमेरिकन शेतकऱ्याने इंग्रजांच्या कंपनीचं डुक्कर मारलं आणि त्यावरून दोन देशांच्या फौजा समोरासमोर आल्या. तिथला मातीचा मोर्चा बांधायचं काम या तरुण लेफ्टनंटकडे होतं. त्या अख्ख्या "युद्धात" डुक्कर सोडून कोणी मेलं नाही. पुढे आयुष्यभर भांडणारी माणसं शिस्तीत बसवायचं काम करणाऱ्यासाठी ही बरी सुरुवात म्हणायची.

यादवी युद्धाच्या काळात त्याची नेमणूक मॅसेच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डला झाली. व्हेल पकडणाऱ्या जहाजांचं श्रीमंत बंदर. १८६३ साली तिथल्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चमध्ये एक सभा होती आणि लोकांनी अचानक या सव्वीस वर्षांच्या अधिकाऱ्याला अध्यक्षाच्या खुर्चीत बसवलं. सभा चालवायची कशी याचं त्याला काडीचंही ज्ञान नव्हतं. सभा हाताबाहेर गेली. त्याला इतकी लाज वाटली की त्याने ठरवलं, नियम शिकल्याशिवाय पुन्हा कुठल्याही सभेला पाऊल टाकायचं नाही. मग कुठला प्रस्ताव कुठल्या प्रस्तावाच्या वरचढ, एवढं एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी तो खिशातल्या पाकिटात घेऊन फिरायचा.

आपल्यापैकी किती जणांनी सभेत फजिती झाल्यावर असं काही केलंय? आपण दुसऱ्या दिवशी ग्रुपवर भांडतो.

१८६७ साली त्याची बदली सॅन फ्रान्सिस्कोला झाली. तिथे देशाच्या सगळ्या भागांतून आलेली माणसं. प्रत्येकजण आपल्या गावची पद्धत हाच कायदा समजायचा. एका गावात "टेबलावर ठेवा" म्हणजे तात्पुरतं बाजूला, दुसऱ्या गावात तेच म्हणजे कायमचं बाद. चर्चच्या आणि समाजकार्याच्या संस्थांमध्ये मूळ विषयापेक्षा पद्धतीवरच भांडणं जास्त. रॉबर्टच्या लक्षात आलं की ही माणसं वाईट नाहीत, ती वेगवेगळे खेळ एकाच मैदानावर खेळतायत. जेफरसनने १८०१ साली केलेली नियमपुस्तिका होती, पण ती सिनेटसाठी. कुशिंगचं पुस्तकही होतं. पण गावातल्या मंडळीला, महिला मंडळाला, वाचनालयाला हाताशी धरता येईल असं काही नव्हतं.

मिलवॉकीत असताना हिवाळ्यात बंदराची कामं थंडावली तेव्हा त्याने पुस्तक लिहायला घेतलं. प्रकाशक मिळेना, तेव्हा स्वतःच्या खर्चाने ४,००० प्रती छापून घेतल्या. १९ फेब्रुवारी १८७६ रोजी शिकागोच्या एस. सी. ग्रिग्ज कंपनीकडून १७६ पानांचं ते पुस्तक बाहेर आलं. दोन वर्षं पुरतील म्हणून छापलेल्या प्रती काही महिन्यांत संपल्या. आज ते "रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर" म्हणून ओळखलं जातं, २०२० साली त्याची बारावी आवृत्ती निघाली, आणि अमेरिकेतल्या असंख्य चर्चच्या घटनेत "इथे न सांगितलेल्या बाबतीत रॉबर्टचे नियम लागू" असं वाक्य असतं.

आता ती तीन भावंडं. समजा एका चर्चच्या मंडळीची सभा आहे. (आपल्याकडचे मराठी ख्रिस्ती लोक चर्चच्या सभासदांना "मंडळी" म्हणतात, मला तो शब्द फार आवडतो.) ठराव आलाय की सभागृहाचं छप्पर बदलायचं. सूचक आहे, अनुमोदक आहे, चर्चा चाललीय. पण कोणाला तरी आत्ता निर्णय नकोय.

पहिला मार्ग म्हणजे ठराविक वेळेपर्यंत तहकुबी. "कंत्राटदारांचे दर यायचेत, पुढच्या महिन्याच्या सभेपर्यंत थांबू." यावर चर्चा होते, पण ती थांबावं की नाही एवढ्यावरच, छपरावर नाही. तारखेवर उपसूचना देता येते. साध्या बहुमताने मंजूर होतं. आणि महत्त्वाचं म्हणजे ती वेळ आली की विषय आपोआप समोर येतो. कोणाला हात वर करून आठवण द्यावी लागत नाही, आठवण ठेवणं ही सभेची जबाबदारी असते.

दुसरा मार्ग बेमुदत तहकुबी. नाव तहकुबीचं, काम खाटकाचं. हा प्रस्ताव मंजूर झाला की मूळ ठराव त्या सत्रापुरता मेला. पण यात एक प्रामाणिकपणा आहे. बेमुदत तहकूब करायचं की नाही यावर बोलताना मूळ विषयावरही बोलता येतं. म्हणजे मारताना निदान मेलेल्याची बाजू ऐकून घ्यावी लागते. सभेतले जुने खेळाडू याचा आणखी एक उपयोग करतात. विरोधकांना आपलं बळ किती हे चाचपायचं असेल तर आधी बेमुदत तहकुबी मांडायची. जिंकलो तर विषय संपला, हरलो तरी मूळ ठरावावर मत द्यायची दुसरी संधी आहेच.

तिसरा मार्ग टेबलावर ठेवणे. आणि खरी गोम इथेच आहे.

नियमाचा हेतू साधा आहे. चर्चा चालू असताना पाहुणे वक्ते आले, त्यांची गाडी चुकेल. तेव्हा ठराव कारकुनाच्या टेबलावर ठेवायचा, पाहुण्यांचं ऐकायचं, मग ठराव उचलून चर्चा पुढे. घाईचं काम म्हणून या प्रस्तावावर चर्चा होत नाही, उपसूचना होत नाही, आणि साधं बहुमत पुरतं. हा प्रस्ताव आपल्या रांगेत सर्वात वरचढ, म्हणजे बाकीचं काहीही चालू असताना मांडता येतो. आता हे सगळं एकत्र ठेवून पाहा. चर्चा नाही, निम्म्यापेक्षा एक मत जास्त एवढं पुरे, कधीही मांडता येतं, आणि टेबलावरून विषय आपोआप उठत नाही, तो उचलायचा ठराव कोणीतरी मांडून जिंकावा लागतो. पुढचं सत्र संपेपर्यंत कोणी उचलला नाही तर खलास. एखाद्याचं तोंड बंद करायला यापेक्षा सोयीचं हत्यार सापडणार नाही.

(इथे एक गंमत. इंग्रजांच्या संसदेत आणि तिथून आपल्याकडे "पटलावर ठेवणे" म्हणजे विषय किंवा कागद सभागृहापुढे आणणे. अमेरिकेत नेमकं उलटं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश अधिकारी एक कागद तातडीने "टेबलावर" घ्या म्हणत होते आणि अमेरिकन अधिकारी अजिबात "टेबलावर" नको म्हणून हटून बसले. बऱ्याच वेळाने कळलं की दोघांनाही तेच हवं होतं. हा किस्सा चर्चिलने स्वतः नोंदवलाय.)

हत्याराचा सर्वात मोठा उपयोग कशावर झाला? गुलामगिरीवर. आणि चर्चने आणि संसदेने तो जवळजवळ एकाच वेळी केला.

प्रेस्बिटेरियन चर्चची सर्वोच्च सभा म्हणजे जनरल असेंब्ली. १८१८ साली या सभेने एकमताने जाहीर केलं होतं की माणसाने माणसाला गुलाम करणं हा माणसाच्या सर्वात पवित्र हक्कांचा उघड भंग आहे. त्या काळासाठी हे फार पुढचं वाक्य होतं. मात्र त्यावर कृती काय करायची, गुलाम बाळगणाऱ्या सभासदाला मंडळीत ठेवायचं की नाही, हे मोघम राहिलं. अठरा वर्षं गेली. १८३६ साली पिट्सबर्गला असेंब्ली भरली तेव्हा गुलामगिरीविरोधी अर्जांचा ढीग जमला होता. आता काहीतरी ठरवणं भाग होतं. ठरलं काय, तर हा संपूर्ण विषय बेमुदत तहकूब. बाजूने १५४, विरोधात ८७. आणि कारणांमध्ये एक कारण होतं की सभेपुढे कामं खूप आहेत, वेळ थोडा आहे, एवढ्या वेळात या विषयावर नीट विचार होणं शक्य नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. वेळ कमी आहे! लाखो माणसं साखळीत होती, आणि पाळक नि वडील मंडळींना वेळ कमी पडला. त्या १५४ जणांत सगळे गुलाममालक किंवा दुष्ट होते असं नाही. पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटत होतं की विषय काढला तर चर्च फुटेल. पुढच्याच दोन वर्षांत चर्च फुटलंच. मुख्यतः धर्मतत्त्वांच्या वादावर, पण गुलामगिरीचा प्रश्न त्याखाली धुमसत होता. मग त्या दोन तुकड्यांचेही उत्तर-दक्षिण असे तुकडे पडले, एकाचे १८५७ साली, दुसऱ्याचे १८६१ साली. उत्तर आणि दक्षिणेची ती चर्चेस पुन्हा एक झाली १९८३ साली. ज्या एकीसाठी विषय पुढे ढकलला ती एकी यायला जवळजवळ दीड शतक लागलं.

त्याच १८३६ च्या मे महिन्यात, २६ तारखेला, वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधीगृहाने ११७ विरुद्ध ६८ मतांनी ठराव केला की गुलामगिरीबद्दलचा कुठलाही अर्ज न छापता, न समितीकडे पाठवता सरळ टेबलावर ठेवायचा आणि पुढे त्यावर काहीही करायचं नाही. म्हणजे घाईच्या कामासाठीचा तात्पुरता नियम आता कायमची पेटी झाला. लोकांनी त्याला "गॅग रूल" नाव दिलं, मुस्कटदाबीचा नियम. अर्ज करणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. त्यांना मताचा हक्क नव्हता, सही करणं हाच त्यांचा आवाज होता. गावोगावच्या चर्चमधून, दारोदार फिरून त्या सह्या गोळा करत. आणि ते कागद थेट टेबलावर.

याविरुद्ध एक म्हातारा उभा राहिला, जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स. देशाचा माजी अध्यक्ष! अध्यक्षपद गेल्यावर साधा प्रतिनिधी म्हणून निवडून आलेला, सत्तरीच्या घरात. आपल्याकडे माजी राष्ट्रपती पुन्हा खासदार होऊन रोज हरकतीचे मुद्दे काढत बसलेत असं चित्र डोळ्यांपुढे आणा. तो दर अधिवेशनात अर्ज घेऊन उभा राहायचा, अध्यक्ष खाली बसवायचे, तो नवी पळवाट काढायचा. १८३७ साली त्याने विचारलं, माझ्याकडे गुलामांनीच पाठवलेला म्हणवणारा अर्ज आहे, तो या नियमात बसतो का? सभागृहात आग लागल्यासारखा गोंधळ. १८४२ साली त्याच्यावर निंदेचा ठराव आला. त्याने अनेक दिवस स्वतःच्या बचावाचं भाषण केलं, विरोधक थकले, आणि शेवटी ७ फेब्रुवारीला तो निंदेचा ठराव कसा निकालात निघाला माहितीय? १०६ विरुद्ध ९३ मतांनी टेबलावर ठेवून. ३ डिसेंबर १८४४ रोजी १०८ विरुद्ध ८० मतांनी मुस्कटदाबीचा नियमच रद्द झाला. साडेआठ वर्षं लागली.

तहकुबी नेहमी दुर्जनांच्याच हातात असते असं मात्र नाही. मेथडिस्टांचं १८४४ सालचं प्रकरण मला सगळ्यात अवघड वाटतं. त्यांचे जॉर्जियाचे बिशप जेम्स अँड्र्यू यांच्याकडे वारसाहक्काने आणि लग्नाने गुलाम आले होते. त्यात किटी नावाची एक मुलगी होती. बिशपांच्या म्हणण्याप्रमाणे एका बाईंनी मृत्युपत्रात तिला त्यांच्या ताब्यात दिलं होतं, मोठी झाल्यावर लायबेरियाला जायची तिची तयारी असेल तर पाठवा म्हणून. ती नको म्हणाली, आणि जॉर्जियाचा कायदा मुक्त करू देईना. हे कितपत खरं, कितपत सोयीचं, यावर आजही वाद आहे. न्यूयॉर्कला जनरल कॉन्फरन्स भरली आणि दिवसचे दिवस याच विषयावर गेले. शेवटी बाकीच्या बिशपांनी मिळून सुचवलं, हा निर्णय पुढच्या कॉन्फरन्सपर्यंत ठेवा. पुढची कॉन्फरन्स म्हणजे चार वर्षांनी. सल्ला देणाऱ्यांना चर्च वाचवायचं होतं यात शंका नाही. पण दुसऱ्याच दिवशी त्यांच्यातल्या बिशप हेडिंग यांनी आपलं नाव मागे घेतलं, कारण न्यू इंग्लंडचे लोक ही तहकुबी सहन करणार नाहीत हे दिसू लागलं होतं. आणि मग तहकुबीचा तो सल्लाच थोड्या मतांच्या फरकाने टेबलावर ठेवला गेला! त्यानंतर कॉन्फरन्सने अँड्र्यू यांना सांगितलं की गुलामांची ही अडचण असेपर्यंत बिशपपदाचं काम करू नका. वर्षभरात दक्षिणेच्या मंडळ्या वेगळ्या झाल्या. त्या परत आल्या १९३९ साली.

ढकललं तरी फुटतं, न ढकललं तरी फुटतं. मग फरक काय? मला वाटतं एवढाच, की १८३६ च्या असेंब्लीत कोण कुठे उभं आहे हे "वेळ कमी" या शब्दांमागे झाकलं गेलं, आणि १८४४ च्या कॉन्फरन्समध्ये ते उघड झालं. या सगळ्या सभांमध्ये किटीचं मत मात्र कोणी विचारलं नाही. ती कार्यक्रमपत्रिकेत होती, सभेत नव्हती.

बॅप्टिस्टही १८४५ साली फुटले. दक्षिणेच्या बॅप्टिस्टांनी जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरात जमून वेगळं कन्व्हेन्शन काढलं. तेव्हा आपला हेन्री रॉबर्ट आठ वर्षांचा होता. यादवी युद्धानंतर त्याचे वडील दक्षिणेत परतले आणि त्याच ऑगस्टात, मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी निघालेल्या ऑगस्टा इन्स्टिट्यूटचे पहिले अध्यक्ष झाले. ती संस्था पुढे अटलांटाला गेली आणि मोअरहाउस कॉलेज झाली. मार्टिन ल्यूथर किंग तिथेच शिकले. आणि ज्या न्यू बेडफर्डमध्ये मुलाची फजिती झाली, तिथेच पंचवीस वर्षं आधी गुलामगिरीतून पळून आलेला फ्रेडरिक डग्लस राहत होता. तो तिथल्या मेथडिस्ट चर्चमध्ये गेला, तर प्रभुभोजन आधी गोऱ्यांना, मग उरलेल्यांना. तो उठला आणि कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये गेला. त्याने ठराव वगैरे मांडला नाही.

या सगळ्याचा आपल्याशी एक धागा आहे, आणि तो खरा आहे, ओढून आणलेला नाही. १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली नगरला आलेलं अमेरिकन मराठी मिशन हे ज्या अमेरिकन बोर्डाचं होतं, ते याच काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्यांच्या वर्गणीवर चालायचं. ज्ञानोदय १८४२ साली नगरलाच निघालं. इकडे मंडळीत जातिभेद चालणार नाही असं सांगणारं हे बोर्ड, तिकडे चेरोकी आणि चॉक्टॉ लोकांतल्या आपल्याच मंडळ्यांत गुलाममालक सभासद चालतात का, या प्रश्नावर वर्षानुवर्षं समित्या नेमत होतं. कंटाळून काहीजण बाहेर पडले आणि १८४६ साली त्यांनी अमेरिकन मिशनरी असोसिएशन काढली. नगरच्या मिशनऱ्यांना मी यात दोष देत नाही. पण सात समुद्रांपलीकडचा अन्याय स्पष्ट दिसतो आणि अंगणातल्या अन्यायाला "अभ्यास समिती" लागते, हे तेव्हाही होतं.

परत रॉबर्टकडे. त्याने पुस्तकात गुलामगिरीचं नाव घेतलं नाही, तो सैनिक होता, नियमांपुरतं बोलायचा. पण १९१५ च्या सुधारित आवृत्तीत तो टेबलाच्या दुरुपयोगावर चांगलाच तुटून पडलाय. त्याचं म्हणणं असं की मोकळी चर्चा न होऊ देता एखादा मूळ ठराव दडपायचा असेल तर दोन तृतीयांश मतं लागली पाहिजेत, हे मूलतत्त्व आहे. चर्चा बंद करायला दोन तृतीयांश लागतात, मग टेबलाच्या नावाखाली साध्या बहुमताने चर्चा आणि ठराव दोन्ही कसे मारता? म्हणून आजच्या नियमांत, मारायच्या हेतूने कोणी "टेबलावर ठेवा" म्हणालं तर अध्यक्षाने ते तसंच मताला टाकू नये, थेट तो हेतू साधणारा, चर्चा होऊ देणारा प्रस्ताव मांडायला सांगावं असं आहे. बहुमताला निर्णयाचा हक्क आहे, पण अल्पमताला ऐकून घेतलं जाण्याचा हक्क आहे, आणि हजर नसलेल्यांचाही काही हक्क आहे.

तहकुबीवर त्याने आणखी एक कुंपण घातलंय, आणि ते वर्षातून एकदा भरणाऱ्या सभांना नेमकं लागू पडतं. ठराविक वेळेपर्यंतची तहकुबी पुढच्या नियमित सभेपलीकडे नेता येत नाही. आणि पुढची नियमित सभा साधारण तीन महिन्यांहून लांब असेल, तर विषय चालू सत्राच्या बाहेरच ढकलता येत नाही! म्हणजे वर्षातून एकदाच सभा घेणाऱ्या मंडळीत "पुढच्या वर्षी बघू" हा प्रस्तावच बेकायदेशीर. मग ज्याला खरंच वेळ हवाय त्याने काय करायचं? दोन वाटा. एक, हीच सभा पुढच्या एखाद्या तारखेला पुन्हा भरवायची, तारीख, वेळ, जागा आत्ताच ठरवून. दोन, विषय समितीकडे सोपवायचा, समितीत कोण आणि अहवाल कधी हे ठरावातच लिहून. ज्याला वेळ हवाय तो या दोन्हींपैकी एक घेतो. ज्याला विषय नकोय तो दोन्ही वाटांवर चुळबुळ करायला लागतो. सभेतल्या माणसाचा हेतू तपासायची यापेक्षा सोपी चाचणी मला माहीत नाही.

आमच्या सोसायटीला रॉबर्टचे नियम लागू नाहीत, उपविधी लागू आहेत, हे मला ठाऊक आहे. कमेंटमध्ये सांगायला येऊ नका. पण सोमवारी संध्याकाळी मी इतिवृत्ताची वही घेऊन अध्यक्षांकडे गेलो आणि म्हटलं, "काका, लिफ्टचा विषय कोणत्या तारखेपर्यंत तहकूब लिहू?"

ते म्हणाले, "पुढची सभा, असं लिहा ना."

म्हटलं, "ती सप्टेंबरात. मधे एक विशेष सभा घेऊ, नाहीतर तिघांची समिती करू. नाहीतर मग मी दप्तरी दाखल असं लिहितो, तेही चालेल. पण तिन्हींपैकी एक सांगा."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग भिंतीवरच्या कालनिर्णयाचं पान उलटून एका रविवारवर बोट ठेवलं. त्या तारखेला लग्न आहे म्हणाले. पुढच्या रविवारवर ठेवलं. मी ती तारीख वहीत लिहिली, त्यांची सही घेतली, आणि वर जाऊन चौथ्या मजल्यावरच्या काकूंना सांगून आलो. सभा तळमजल्यावर पार्किंगमध्ये असते, तेव्हा त्यांना त्या दिवशी उचलून आणायला दोन माणसं लागतील. कोणी येणार असाल तर कळवा.